अठरा जोड्या

"अहो, ह्याच्या चोचीला काजळ लागलंय की," दुर्बिणीला डोळा लावून काकू म्हणाल्या.

काका केबिनच्या दाराशी तांब्यातल्या पाण्याने हात धूत होते. डबा उघडून स्टुलावर ठेवलेला होता. सत्तावीस वर्षांत काकूंनी त्या दुर्बिणीत कधी डोकावून पाहिलं नव्हतं. समोरच्या पाखरांना त्या "माझ्या सवती" म्हणत, आणि सवतीचं तोंड आपणहून कोण बघतं? आज काका हात धुवायला उठले, स्टुलावर डबा होता, बसायला दुर्बिणीसमोरची खुर्ची तेवढी मोकळी होती, म्हणून त्या बसल्या आणि उगाच डोळा लावला.

"कुठला?" काकांनी विचारलं.

"दगडावर एकशे बारा लिहिलंय, त्याच्या शेजारचा."

काकांनी ओले हात सदऱ्याला पुसले. एकशे बारा त्यांनी दहा मिनिटांपूर्वीच वहीत लिहिला होता. बुटका, असा.

"शेवाळ असेल," ते म्हणाले. "ऊठ, जेवू दे मला."

आता हे काजळ म्हणजे काय, ते सांगायला हवं. बंदराच्या तोंडाशी गोट्यांचा एक लांबट पट्टा समुद्रात शिरलेला होता. दर मोसमात त्या पट्ट्यावर सुरय पक्षी अंडी घालायला येत. अंगाने पांढरे, डोक्यावर काळी टोपी, शेपटी मधोमध चिरलेली. त्यांच्यात दोन जाती होत्या, आणि त्या इतक्या सारख्या, की परमेश्वराने एक करून झाल्यावर उरलेल्या सामानात दुसरी उरकली असावी असं काकूंचं मत होतं. कागदोपत्री दोघांची लांबलचक नावं होती. काका त्यांना टोकवाला आणि बुटका म्हणत. टोकवाल्याची चोच शेंदरी आणि तिचं टोक काळं. बुटक्याची चोच टोकापर्यंत लालभडक, आणि पाय इतके आखूड, की उभा असला तरी बसलाय असंच वाटावं. टोकवाले जगात पोत्याने होते. बुटके कमी. पट्ट्यावर बुटक्यांच्या निदान पंचवीस जोड्या असतील तोवर बंदराने पट्ट्याला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. पंचवीसच्या खाली आकडा गेला, की पट्टा बंदराचा. पलीकडच्या धक्क्यावर क्रेन रांगेने उभ्या होत्याच. त्यांना कंटेनर ठेवायला जागा हवी होती.

मोजायचं काकांनी. प्रत्येक घरट्याशेजारी नंबर रंगवलेला दगड असे. तो ठेवायला जाताना डोक्यावर काठी उभी धरून चालावं लागे, कारण सुरय माणसाच्या सगळ्यात उंच भागावर चोच मारतो. मग टाळू वाचते आणि काठी मार खाते. दगड ठेवून झाले, की काका फळ्यांच्या केबिनमध्ये बसत आणि फटीतून एकेका घरट्यावर दुर्बीण लावत. पक्षी अंड्यावर बसलेला असल्यामुळे पाय दिसत नाहीत. बुटक्याची शेपटी जरा लांब, पण तीही गोट्यांवर घासून झिजलेली असते. उरते ती चोच. चोच बघायची आणि लिहायचं.

हा फरक त्या बंदरात काकांएवढा कोणालाच कळत नव्हता, आणि तिथेच ते अडकले होते. तीन वर्षांपूर्वी निवृत्तीची तारीख आली, तेव्हा हपिसातले साहेब म्हणाले, "काका, तुमच्याशिवाय ओळखणार कोण?" मुदतवाढ मिळाली. पुढच्या वर्षी परत, त्याच्या पुढच्या वर्षी परत. मोसमाचे चार महिने पट्ट्याचं फाटक बंद. आत कोणी यायचं नाही, आतल्यांनी बाहेर पडायचं नाही, आठवड्याला एक लाँच सामान टाकून जायची. फाटकापाशी दोन खोल्यांचं घर, घराला एकच खिडकी, खिडकीत क्रेन. काकूंची धाकटी बहीण डोंगरातल्या एका गावी एकटी राहायची. वरच्या दोन खोल्या तुमच्यासाठी रंगवून ठेवल्यात, असं ती तीन वर्षं कळवत होती. आता पुन्हा रंग द्यायची वेळ आली असेल, असं काकू म्हणत.

काकांनी जेवण अर्धं टाकलं आणि एकशे बारावर दुर्बीण लावली. चोच लाल होती. टोकापर्यंत लाल.

"कुठाय काजळ?"

काकूंनी वाकून बघितलं. "हे काय, टोकाला. बोट बुडवल्यासारखं."

काकांनी पुन्हा बघितलं. लाल. त्यांनी दुर्बीण एकशे तेरावर फिरवली. "हा?"

"ह्यालापण आहे."

"एकशे सोळा?"

"आहे."

"एकशे एकोणीस?"

"नाही. हा स्वच्छ आहे. ह्याला लावायचं विसरले."

"थट्टा करू नकोस," काका ओरडले. काकू चपापल्या. हा माणूस ओरडणाऱ्यांतला नव्हता.

तेवढ्यात एकशे बारावरचा पक्षी अंडी फिरवायला उठला. उंच, सरळ पायांवर. चोचीचं टोक काकांना दिसत नव्हतं, पण पाय दिसले. ते बुटक्याचे पाय नव्हते. पक्षी पुन्हा खाली बसला आणि काकांना पुन्हा लालभडक चोचीचा बुटका दिसायला लागला.

त्यांनी वही मिटली. मागची चार वर्षं पट्ट्यावरचे बुटके वाढत होते. सव्वीस, एकतीस, सदतीस, त्रेचाळीस. साहेबांनी वरपर्यंत कळवलं होतं. काकांना चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं होतं, त्यावर "तीक्ष्ण नजर" असे शब्द होते. बुटके वाढत नव्हते. काकांच्या डोळ्यांतून काळी टोकं पुसली जात होती, आणि दरवर्षी थोडी जास्त. मग ते सव्वीस तरी खरे होते का?

संध्याकाळी घरी काकूंनी चहा पुढ्यात ठेवला आणि समोर बसल्या. "केव्हापासून दिसत नाही?"

"दिसतंय की. तू दिसतेस, कप दिसतोय."

"पेपर दोन महिन्यांपासून मी वाचून दाखवते. म्हणे कंटाळा येतो."

काकांनी बशीत चहा ओतला. ऐन हिवाळ्यात ते एकटेच गावात जाऊन डॉक्टरांना भेटून आले होते. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, चष्म्याने भागायचं नाही. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. झिजणं हळू चाललंय, हा मोसम निघेल, असा त्यांनी हिशेब केला होता.

"बरं, आणि खरे बुटके किती भरतील?" काकूंनी विचारलं.

"काय माहीत. पंचवीस तरी हवेत."

"नाही भरले तर?"

"पट्टा जाईल. केबिन बंद. माझी नोकरीही संपली."

"म्हणजे आपण सुटलो?" काकूंच्या तोंडून निसटलं, आणि त्यांनी लगेच जीभ चावली.

काकांनी कप फिरवला. "हो. आपण सुटलो."

"आणि ती पाखरं?"

"बुटका पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. एवढी दुनिया बघतो, पण अंडं घालायला त्याच गोट्यांवर परत येतो. तिथे कंटेनर दिसले, तर त्यांच्यावर घिरट्या घालेल."

"अगदी तुमच्यासारखा. एवढे पंख असून काय उपयोग?" काकू म्हणाल्या. मग जरा वेळाने उठता उठता म्हणाल्या, "उद्या मी येते. मी बघीन, तुम्ही लिहा. पाण्यात पडलोच आहोत तर पोहून तरी बघू."

दुसऱ्या दिवसापासून एका घरट्यामागून दुसरं असं दोनशे चार घरट्यांचं काम सुरू झालं. केबिन एका माणसाच्या बेताची. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत. काकू नंबर वाचत आणि म्हणत, "काजळ," किंवा "स्वच्छ". काका रेघ ओढत. काकूंची नजर पक्की होती. तांदळातले खडे वेचलेला डोळा तो, त्याला काय अवघड? पहिल्या दिवशी सत्तर घरट्यांत बुटके सात निघाले. दुसऱ्या दिवशी सहा. एकूण तेरा. काकांनी आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहिला आणि त्यावर हात ठेवून बसले.

"अजून चौसष्ट घरटी आहेत," काकू म्हणाल्या.

"पंचवीस व्हायला बारा हवेत. नाही व्हायचे."

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी मात्र बुटक्यांची रीघच लागली. एकशे त्रेचाळीस स्वच्छ. एकशे सेहेचाळीस स्वच्छ. एकशे पन्नास, एकावन्न, दोन्ही स्वच्छ. काकांचा पेन भरभर चालू लागला. दुपारपर्यंत आकडा बावीसवर गेला. काका कधी नव्हे ते गुणगुणायला लागले होते.

"एकशे त्र्याण्णव?"

"स्वच्छ."

काकांनी रेघ ओढायला पेन टेकवला आणि सहज फटीतून बाहेर पाहिलं. केबिनपासून सगळ्यात जवळचं घरटं होतं ते, दुर्बिणीची गरजच नव्हती. जोडीदार मासा घेऊन आला होता, आणि अंड्यावरचा पक्षी त्याला जागा देण्यासाठी उठून उभा राहिला होता. दोघेही चांगले उंच उभे होते.

"एकशे त्र्याण्णव परत बघ."

"सांगितलं ना, स्वच्छ आहे."

"अगं, तो उभा आहे."

काकूंनी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही.

"टोकवाला उभा राहतो तसा उभा आहे. पाय मला अजून दिसतात."

आता मात्र काकूंनी डोळा काढला. मग काकू म्हणाल्या, "तीनच कमी होते. पंचवीस झाले की मी थांबणार होते."

"कशासाठी?"

"तुमचं नाव राहिलं असतं. सत्तावीस वर्षांनी लोकांनी हसायला नको, म्हातारा आंधळेपणाने मोजत होता म्हणून."

"आणि तुझं काय? परत मुदतवाढ. परत हे फाटक."

"इतकी काढली, आणखी एक काढली असती," काकू म्हणाल्या, आणि डोळे पुसायला पदर घेतला.

तीन वर्षं ही बाई सुटकेचे दिवस मोजत होती, आणि दार उघडलं तेव्हा तिने ते स्वतःच्या हाताने लावायला घेतलं होतं, तेही आपल्यासाठी. काकांनी तिसऱ्या दिवसाचं पान फाडलं. "पहिल्यापासून. आणि जे आहे तेच सांग."

संध्याकाळपर्यंत चौसष्ट घरटी पुन्हा झाली. बुटके पाच. तेरा आणि पाच अठरा. काकांनी तक्त्यावर अठरा जोड्या असं लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, की माझी नजर अधू झाली असून मागील चार वर्षांचे आकडे धरू नयेत. तक्ता लाँचने गेला.

पुढच्या लाँचने साहेब स्वतः आले. काठी न घेताच पट्ट्यावरून चालत आल्यामुळे टाळूवर दोन ठिकाणी रक्त आलं होतं. माणूस वाईट नव्हता. पट्टा वाचवण्यासाठी बंदराच्या बड्या लोकांशी सात वर्षं भांडत होता. त्याने काकूंकडून पाणी घेतलं, टाळूला रुमाल लावला आणि खिशातून तक्ता काढला.

"काका, हे काय लिहिलंत? आम्ही वर कळवलंय की वाढतायत. ह्या एका कागदावर पट्टा जाईल."

"आहे ते लिहिलं."

"परत मोजा ना. मोजण्यात चूक होऊ शकते."

"चूक आधी झाली, साहेब. ह्या वेळी नाही झाली. मला दिसत नाही." हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं.

साहेबांनी रुमाल उलटा करून पुन्हा टाळूवर दाबला. "मग हे मोजलं कोणी?"

"हिने."

"काकूंनी?" साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "मग अडलंय कुठे? काकू बघतील, तुम्ही लिहा. आणखी पाच वर्षं चालेल की! काकू, तुमची ना नाही ना? मुदतवाढीचं मी बघतो. हा आकडा तेवढा मागच्या वर्षाइतका करून द्या. पाखरांच्याच भल्यासाठी सांगतोय."

काकू काकांकडे बघत होत्या. काकांना त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, मधोमध धुकं होतं. पण त्या हो म्हणतील हे त्यांना कळलं. आपण नुसती मान हलवली, की ही बाई उद्या सकाळी डबा घेऊन केबिनमध्ये हजर होईल, आणि पाच वर्षं गुडघ्याला गुडघा लावून बसेल. इतके दिवस केबिनच्या पिंजऱ्यात एक होता, आता दोघं झाले असते.

"ती येणार नाही," काका म्हणाले. "ती बहिणीकडे चाललीय. मीसुद्धा. आणि साहेब, मी चार वर्षं चुकीचं लिहिलं, पण खोटं कधी लिहिलं नाही. ते माझ्याच्याने व्हायचं नाही."

जाताना साहेबांनी तक्ता घडी करून खिशात ठेवला आणि काकांच्या पाया पडले. काकांना वाटलं, पटलं बिचाऱ्याला.

मोसम संपायच्या आधीच फाटक उघडून दोघं बाहेर पडली. बहिणीच्या वरच्या खोल्या खरंच रंगवलेल्या होत्या. खिडकीतून डोंगर दिसायचा म्हणे. काकांना त्याच्या कडा दिसायच्या. पाच-सहा आठवडे काकू माहेरी आलेल्या मुलीसारख्या वावरल्या. दोघी बहिणी तासन्‌तास बोलत आणि हसत. आपण हे आधीच करायला हवं होतं, असं काकांना रोज वाटे.

मग एका सकाळी पेपर वाचून दाखवता दाखवता काकू थांबल्या.

"काय झालं?"

"पट्ट्याचं आलंय."

"गेला?"

"नाही. राहिला." काकू सावकाश वाचू लागल्या. "दुर्मीळ सुरय पक्ष्यांच्या संख्येत सलग पाचव्या वर्षी वाढ. यंदा सेहेचाळीस जोड्या."

"सेहेचाळीस?"

"सेहेचाळीस लिहिलंय. आणि मोजणी कोणी केली ते खाली आहे. तुमचं नाव आहे. वडिलांच्या नावासकट."

काका हसले. हसू कडू होतं. इतकं करून ते त्या केबिनमध्येच होते, दाराला बाहेरून कडी घातलेली. त्यांनी त्याच दिवशी साहेबांच्या वरच्या हपिसासाठी काकूंकडून पत्र लिहून घेतलं: यंदा अठरा जोड्या होत्या, माझी नजर अधू आहे, मागील आकडे धरू नयेत. काकूंनी बोट ठेवलं तिथे सही केली. उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी दुसरं धाडलं, महिन्याने तिसरं. बहीण म्हणाली, "भावजी, जाऊ द्या आता. पाखरं तरी वाचली."

काकूंनाही ते खात होतं. चौथ्या पत्राला कागद घेऊन बसल्यावर त्यांनी विचारलं, "हे त्यांनी मानलं तर पट्टा जाईल ना?"

"जाईल कदाचित."

"मग?"

"अगं, सगळ्यांना वाटतंय सेहेचाळीस आहेत, मजेत आहेत. अठराच का उरले, हे कोण बघायला जाणार? उद्या सहा होतील. मग एकही नाही. आणि कागदावर माझ्या नावाने पन्नास असतील."

काकूंनी मान हलवली. पत्राचा मजकूर त्यांना आता पाठ झाला होता. सरसर लिहून त्यांनी कागद काकांकडे सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

काकांनी पेन घेतला नाही. "तीन पत्रं का वाया गेली, ते काल माझ्या लक्षात आलं. ज्याला दिसत नाही, त्याच्या आकड्यावर विश्वास कोण ठेवील? नजरेची ओळ खोड. लिही, मोजणी मी केली."

"मी म्हणजे?"

"तू. दोनशे चार घरटी तू बघितलीस. मी नुसत्या रेघा ओढल्या. सही तू कर."

"मला कोण ओळखतं तिथे?"

"तिथे मला तरी कोण ओळखतं? नाव तेवढं ओळखतात."

काकूंनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. मोजणी मी केली, असं त्यांनी लिहिलं. अठरा जोड्या. त्याखाली सही करायला त्यांना वेळ लागला. एरवी पूर्ण नाव लिहायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. काका शेजारी बसून पेनाचा आवाज ऐकत होते.

"झाली?"

"झाली," काकू म्हणाल्या. "जरा वाकडी आली."

"राहू दे," काका म्हणाले, आणि पाकिटासाठी हात पुढे केला.